आठ घरांचा फराळ: वाटे, डबे आणि रीतभात

प्रत्येक घरानं एकच पदार्थ मोठ्या प्रमाणात करायचा, दिवाळीच्या आधीच्या रविवारी सोसायटीच्या हॉलमध्ये जमायचं आणि जाताना सगळ्यांच्या पदार्थांचा एकेक वाटा घरी न्यायचा. अमेरिकेत नाताळच्या आधी कुकी एक्स्चेंज करतात, त्याच धर्तीची ही फराळाची अदलाबदल. मुंबईतल्या दोन शेगड्यांच्या ओट्यावर आणि नोकरीच्या वेळापत्रकात ती फार सोयीची पडते. सोऱ्या एकदाच काढायचा, तेल एकदाच तापवायचं, आणि तरी ताटात चकलीपासून चिरोट्यापर्यंत सगळं येतं.

अशी अदलाबदल मोडते ती चवीवरून नव्हे, वाट्यावरून. कुणाचे लाडू लिंबाएवढे निघतात, कुणी साजूक तुपातलं आणतं तर कुणी शेवेची पुडी, कुणाच्या घरी ऐन वेळी काही जमत नाही. बोलत कुणीच नाही, पण पुढच्या वर्षी दोन घरं गळतात. म्हणून सगळे हिशेब आधी, लेखी आणि ग्रॅममध्ये व्हायला हवेत. हॉलमध्ये पोचल्यावर मोजामोजीला जागाच उरता कामा नये.

किती घरं, कुणाकडे काय

सहा ते आठ घरं उत्तम. पाचांपेक्षा कमी असतील तर विविधता राहत नाही. दहाच्या वर गेलात की घरच्या कढईचा जीव अपुरा पडतो. आठ घरांना प्रत्येकी बारा चकल्या म्हणजे शहाण्णव. घरगुती कढईत एका घाण्याला सहा चकल्या नीट तळल्या जातात आणि मंद ते मध्यम आचेवर एक घाणा सहा-सात मिनिटं घेतो. सोळा घाण्यांचे नुसते तळणाचेच सुमारे पावणेदोन तास झाले. भिजवणं, मळणं, पाडणं वेगळंच. बारा घरं केलीत तर तेच काम तीन तासांच्या जवळ जातं आणि शेवटच्या चकल्यांना जळक्या तेलाचा वास लागतो.

पदार्थांची वाटणी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘कोण काय करणार?’ असं विचारून करू नका. पहिल्या दहा मिनिटांत तिघीजणी चिवडा घेतात आणि चकलीला कुणी उरत नाही. एका व्यक्तीनं सूत्रं हातात घ्यावीत आणि प्रत्येक घरी फोन करून विचारावं, ‘वहिनी, तुमच्या हातचं बेसन छान जमतं, लाडू घ्याल का?’ समोरून सहज होकार आला तरच पदार्थ त्या घरी द्यावा. ‘बघते’ म्हणजे नाही, हे धरून चालावं. निम्मं गोड, निम्मं तिखट असा समतोल ठेवा. आणि ज्या घरात लहान बाळ किंवा आजारी माणूस आहे, त्यांना तळणाचा पदार्थ न देता भाजक्या पोह्यांचा चिवडा, रव्याचे लाडू असं काही द्या.

हे सगळं नवरात्रातच ठरलेलं बरं. दसरा ते दिवाळी वीसच दिवस असतात, आणि काही पदार्थांना त्यातले निम्मे लागतात. अनारशाचे तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलत भिजवायचे, सावलीत जेमतेम कोरडे करून दळायचे, गूळ किंवा साखर घालून गोळा निदान पाच-सहा दिवस मुरायला ठेवायचा. ज्या घरी अनारसे गेले त्यांना दसऱ्याला कळलं तर आनंद, धनत्रयोदशीच्या आठवड्यात कळलं तर शिक्षा. भाजणीचंही तसंच. धान्य धुऊन, वाळवून, भाजून गिरणीत न्यावं लागतं, आणि दिवाळीच्या तोंडावर गिरणीत डब्यांची रांग लागलेली असते.

वाटा किती धरायचा

वाटा म्हणजे एका घरानं दुसऱ्या एका घराला द्यायचं प्रमाण. करणाऱ्या घराचा स्वतःचा वाटाही त्यात मोजायचा, म्हणजे आठ घरं असतील तर आठ वाटे. नग मोजण्याजोगे पदार्थ नगावर, बाकीचे वजनावर. चार माणसांच्या घराला पुरेसं होईल असं हे प्रमाण:

चकली, तीन वेढ्यांची: 12
बेसन किंवा रवा लाडू, प्रत्येकी 40 ग्रॅम: 8
करंजी, सुक्या सारणाची: 8
अनारसे: 6
चिरोटे: 6
शंकरपाळे: 250 ग्रॅम
चिवडा: 250 ग्रॅम
शेव किंवा कडबोळी: 200 ग्रॅम

लाडवांचं वजन लिहिलं आहे ते मुद्दाम. ‘आठ लाडू’ एवढंच सांगितलं तर एका घरातून पंचवीस ग्रॅमचे येतात आणि दुसऱ्या घरातून साठचे. पहिला लाडू काट्यावर ठेवून वळा. मग हाताला अंदाज येतो.

सामानाचा हिशेबही यावरून निघतो. चौसष्ट बेसन लाडवांना सव्वा किलो जाडसर बेसन, सहाशे ते साडेसहाशे ग्रॅम साजूक तूप आणि एक किलो पिठीसाखर लागते. यात सत्तरच्या आसपास लाडू होतात, म्हणजे वरचे चार-पाच चवीला ठेवता येतात. दोन किलो शंकरपाळ्यांना सव्वा किलो मैदा, तीनशे ग्रॅम तूप, चारशे ग्रॅम साखर आणि ती विरघळेल एवढं दूध. दोन किलो चिवड्याला सव्वा किलो पातळ पोहे, अडीचशे ग्रॅम शेंगदाणे, दोनशे ग्रॅम डाळं, शंभर ग्रॅम सुक्या खोबऱ्याचे काप आणि पाव किलोच्या आसपास तेल. पोहे एकदम परतायला जाऊ नका. एवढे पोहे मावतील असं पातेलं घरात नसतं, आणि खालचे करपून वरचे कच्चे राहतात. तीन-चार खेपांत परता. चकलीची भाजणी एक किलो घेतली तर मध्यम आकाराच्या शंभरेक चकल्या पडतात. त्यातल्या काही तुटणारच, म्हणून सव्वा किलो घ्या.

आता खर्चाचा प्रश्न. साजूक तुपातले लाडू आणि चिवडा यांच्या खर्चात बराच फरक पडतो, आणि तो मनात राहतो. पैशांची वाटणी करायला गेलात की या सगळ्याचं भिशीत रूपांतर होतं. त्यापेक्षा पदार्थ दर वर्षी फिरवा. यंदा ज्यांनी लाडू केले त्यांच्याकडे पुढच्या वर्षी शेव. सूत्रधारानं वहीत नोंद ठेवावी आणि ती सगळ्यांना दिसू द्यावी.

काय आणू नये

ओल्या नारळाची करंजी कितीही सुरेख झाली तरी अदलाबदलीत आणू नका. मुंबईच्या दमट हवेत ती दुसऱ्याच दिवशी शंकास्पद होते आणि फराळ तर पहिल्या अंघोळीला, नैवेद्य झाल्यावर खायचा असतो. ओला नारळ घातलेले रव्याचे लाडू, खव्याची बर्फी, दूध शिंपडून वळलेले लाडू यांचंही तेच. दहा दिवस बाहेर टिकेल तेच आणायचं, हा एकच नियम पुरे.

लसणाची शेव कुणाला आवडत नाही? पण इमारतीत जैन किंवा गुजराती शेजारी असतील तर आधी विचारा. कांदा-लसूण कुणाला चालत नाही, शेंगदाणे किंवा काजू कुणाला सोसत नाहीत, कुणाकडे मधुमेही आहेत, हे नवरात्रातल्या त्या फोनवरच विचारून घ्यायचं. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असलेलं मूल एखाद्या घरात असेल तर चिवडा करणाऱ्यांनी त्या घराचा वाटा दाणे घालण्यापूर्वी, कोऱ्या पातेल्यात, वेगळ्या तेलाची फोडणी देऊन करायचा. नंतर दाणे वेचून काढणं म्हणजे सोय नव्हे, धोका आहे.

सादळू नये म्हणून

तक्रारी बहुतेक एकाच प्रकारच्या असतात: चकली मऊ पडली, शंकरपाळे वातड झाले, चिवड्याला ओल आली. कारण बहुधा तळण्यात नसतं, डबा भरण्यात असतं. गरम चकलीवर झाकण लावलं की वाफ आतच राहते आणि ती पुन्हा चकलीतच शिरते. उलट ‘थंड होऊ दे’ म्हणून रात्रभर परातीत उघडी ठेवली तर मुंबईची हवा तिला सादळवते. दोन्हीच्या मध्ये दीड-दोन तासांची वेळ असते. तळून काढलेली चकली चाळणीवर किंवा जाळीवर उभी-आडवी टाका, हाताला पूर्ण गार लागली की लगेच डब्यात. परतीचा पाऊस असेल त्या दिवशी तळण काढूच नका. काढायचंच झालं तर तासाभरात भरा.

चकली तेलात विरघळत असेल तर मोहन जास्त झालं आहे. थोडी कोरडी भाजणी मळून घाला. तुटत असेल तर पीठ कोरडं पडलं, कोमट पाण्याचा हात लावून पुन्हा मळा. बाहेरून लाल आणि आतून मऊ राहिली म्हणजे आच मोठी होती. बुडबुडे बंद होईपर्यंत थांबायचं, रंगावर जायचं नाही. अनारसा तुपात हसला, म्हणजे पसरून फुटला, तर गोळ्यात चमचाभर कोरडं तांदळाचं पीठ मळून आधी एकच सोडून पाहा. बेसन लाडू बसले असतील तर गरम बेसनात साखर घातली गेली आहे किंवा तूप जास्त आहे. मिश्रण अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून, मूठभर खमंग भाजलेलं बेसन घालून पुन्हा वळता येतात. कढीपत्ता कुरकुरीत होईपर्यंत तळला नाही तर एकट्या त्याच्यामुळे अख्खा चिवडा मऊ पडतो. पानं मुठीत चुरता आली पाहिजेत.

सादळलेली चकली फेकायची नाही. ओव्हनमध्ये 150 अंशावर आठ-दहा मिनिटं ठेवून पूर्ण गार केली की बहुतेक वेळा परत कुरकुरीत होते. पण अशी चकली अदलाबदलीत द्यायची नाही, घरच्यांनी खायची.

वाटे घरूनच बांधून आणा. हॉलमध्ये मोठा डबा उघडून चमच्यानं वाढत बसलं तर अर्धा तास पदार्थ हवेवर राहतो, शेवटच्या घराला चुरा येतो, आणि चिवड्यात तर खास गंमत होते. दाणे आणि डाळं तळाशी उतरतात, पहिल्या घराला नुसते पोहे मिळतात, शेवटच्याला नुसते दाणे. पिशव्या भरतानाही दर दोन वाट्यांनंतर पातेलं तळापासून हलवा. अडीचशे ग्रॅम चिवड्याला दोन-अडीच लिटरचा डबा लागतो. लाडवाच्या डब्यात तो दाबून बसवू नका, चुरा होतो.

लाडू-करंज्यांना कडक खोका आणि आत बटर पेपर, चकल्यांना घट्ट झाकणाचा डबा, कोरड्या पदार्थांना जाड फूड ग्रेड पिशवी. खोके क्रॉफर्ड मार्केटच्या बाजूला घाऊक मिळतात. पातळ प्लास्टिकच्या कॅरीबॅगना राज्यात 2018 पासून बंदी आहे, तेव्हा वाटे न्यायला कापडी पिशवी ज्यानं त्यानं आणायची. तळण टिपायला किंवा बांधायला वर्तमानपत्र वापरू नका. छपाईची शाई तेलात उतरते, आणि देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानंही (एफएसएसएआय) त्याबद्दल बजावलेलं आहे. साधा टिश्यू किंवा स्वच्छ सुती पंचा बरा. आणि गोड-तिखट एका डब्यात कधीच नाही. दोन दिवसांत करंजीला चिवड्याच्या हिंगाचा वास लागतो.

प्रत्येक वाट्यावर एक चिठ्ठी चिकटवा. पाच गोष्टी पुरतात:

बेसन लाडू, 8 नग
बी-304
केल्याची तारीख
साजूक तूप, काजू आहेत
आधी संपवा: 15 दिवसांत

प्रत्यक्ष दिवशी

रविवारी संध्याकाळी पाचची वेळ चांगली. दुपारची झोप झालेली असते आणि दिवेलागणीला घरी जाता येतं. हॉल आधी सेक्रेटरींना सांगून ठेवा. दोन लांब टेबलं मांडा, एकावर गोड, एकावर तिखट. प्रत्येक घर आपले आठही वाटे एका ढिगात ठेवतं आणि मग रांगेनं प्रत्येक ढिगातून एकेक उचलत जायचं, स्वतःचाही. सगळ्यांचे वाटे टेबलावर येईपर्यंत कुणी उचलायला सुरुवात करायची नाही. उशीर होणार असेल तर आपली पिशवी वेळेवर खाली पाठवायची, आपण मागून गेलो तरी चालतं.

चवीसाठी प्रत्येक पदार्थाचे चार-पाच नग एका ताटात वेगळे ठेवतात. मात्र कित्येक घरांत देवाला नैवेद्य दाखवल्याशिवाय फराळाला तोंड लावत नाहीत. तेव्हा ‘घ्या ना, एक तर घ्या’ असा आग्रह इथे नको. ‘नैवेद्य व्हायचाय’ एवढं म्हटलं की विषय संपला. मुलांना मात्र आवरू नये, त्यांच्यासाठी मुरमुऱ्यांचा वेगळा चिवडा किंवा बिस्किटं आणली की टेबलं सुरक्षित राहतात.

तोंडावर तुलना करू नये, हे काकूंना सांगायला कुणी धजत नाही, म्हणून इथे सांगायला हवं. ‘छान झाल्यात, पण आमच्याकडे मोहन जरा जास्त घालतात’ हे वाक्य कौतुकात मोडत नाही. विचारलं तरच सुचवा, आणि तेही एकटीला गाठून. कृती मागितली तर पूर्ण द्या, तुपाचं खरं माप लपवू नका. आणि कृती दुसऱ्या कुणाची असेल तर तिचं नाव सांगा. ‘ही जोशी काकूंची भाजणी’ म्हटल्यानं आपलं काहीच कमी होत नाही.

अवघड जागा

विकतचं चालतं का? चालतं, पण उघडपणे. ऑफिसातून रात्री नऊला घरी येणाऱ्या बाईनं बारा वाजेपर्यंत कढईपाशी उभं राहावं असा हट्ट कुणी धरू नये. लालबागच्या चिवडा गल्लीतून, दादरच्या रानडे रोड किंवा छबिलदास गल्लीतून, किंवा ओळखीच्या बचत गटाकडून आणलेला फराळ पूर्ण वाट्यानं द्यावा आणि चिठ्ठीवर तसं लिहावं. त्याचा ऑर्डरचा दिवस मात्र लवकर ठरवा. शेवटच्या आठवड्यात चांगल्या घरगुती ऑर्डरी बंद झालेल्या असतात. विकतचं आपल्या डब्यात भरून घरचं म्हणून देणं तेवढं टाळा. घरचा हात ओळखणाऱ्या बायका समोर बसलेल्या असतात.

पदार्थ बिघडला तर दोन दिवस आधी सूत्रधाराला कळवावं आणि तेवढ्याच वाट्याचं विकत आणून द्यावं. कारणं सांगत बसू नये, आणि सूत्रधारानंही विचारू नयेत. न येता, न कळवता गैरहजर राहणं ही एकच गोष्ट खरोखर वाईट. सात घरांचे वाटे अपुरे पडतात.

ज्या घरात वर्षभरात माणूस गेलं आहे, त्या घरी त्या दिवाळीला तळणीची कढई ठेवत नाहीत. शेजाऱ्यांनी आणि नातेवाइकांनी त्यांना फराळ पोचवायचा, ही आपली जुनी रीत. असं घर आपल्या आठांत असेल तर त्यांच्याकडून पदार्थ मागू नका. सात घरांनी त्यांचा वाटा धरून आठ वाटे करावेत. त्यांना हॉलमध्ये बोलावून पिशवी देऊ नका. एकदोघींनी घरी जावं, दहा मिनिटं बसावं, पिशवी ओट्यावर ठेवून यावं. त्यांनी त्याबदली काही देऊ केलं तर ‘पुढच्या वर्षी’ म्हणावं.

वॉचमन, सफाई कामगार आणि इस्त्रीवाले यांचे वाटे सुरुवातीलाच मोजा. दोन-तीन वाटे वाढतात, म्हणजे आठांचे दहा किंवा अकरा करावे लागतात आणि सामानही तेवढं वाढवावं लागतं. त्यांच्या पिशवीत तुटक्या चकल्या आणि फुटके लाडू जाता कामा नयेत. सगळ्यांना जे, तेच त्यांना. तुकडे आपण घरी चहाबरोबर खावेत.

आणि डबे. स्टीलच्या डब्यावर नाव कोरलेलं असतं, झाकणावर नसतं, आणि नंतर महिनाभर ग्रुपवर झाकणांचे फोटो फिरतात. झाकणावर चिकटपट्टी लावून फ्लॅट नंबर लिहा. डबा आठ दिवसांत, धुऊन, पूर्ण कोरडा करून परत जायला हवा. रिकामा डबा परत देऊ नये ही रीत मोडायला जीव धजत नाही, तर चमचाभर साखर किंवा एखादं लिंबू घाला. लाडू घालून पाठवलेत तर समोरच्याला पुन्हा परतफेडीचं ओझं होतं आणि फेऱ्या संपत नाहीत.

डिसेंबरमध्ये

हीच मांडणी नाताळलाही लागू पडते. वांद्र्याला किंवा मालाडला ओर्लेमच्या बाजूला ख्रिस्ती शेजाऱ्यांकडून न्यूऱ्या, कलकल, रोझ कुकीज, मिल्क क्रीम आणि मार्झिपॅन भरलेलं ताट येतं. त्यांच्यासोबत अदलाबदल करायची तर कुकीज दर घरी बारा, नानकटाई बारा, केकच्या चार-पाच जाड फोडी असा वाटा धरा. अंडं आणि केकमधली रम यांची नोंद चिठ्ठीवर हवीच, कारण घेणारा विचारायला संकोचतो. आयसिंग लावलेल्या कुकीज पूर्ण सुकल्याशिवाय एकावर एक ठेवू नका, आणि मऊ कुकीज कुरकुरीत कुकीजबरोबर एका डब्यात घालू नका. कुरकुरीत त्यातली ओल ओढून मऊ होतात.

फराळ घरी आणला की खाण्याचा क्रमही ठरवून टाका. आधी चिरोटे आणि करंज्या, कारण मैद्याचे पापुद्रे सगळ्यांत लवकर मऊ पडतात आणि सारणातलं खोबरं खवट होतं. मग चकली, कडबोळी, शेव. चिवडा आठवडाभर मजेत राहतो, पण डबा दिवसातून दहादा उघडला तर नाही. लहान डब्यात दोन दिवसांचा काढून मोठा डबा बंदच ठेवा. शंकरपाळे, अनारसे आणि बेसन लाडू शेवटी. तुळशीच्या लग्नापर्यंत ते सहज पुरवता येतात.